मिंट लावल्यापासून घड्याळ साडेपाच तास मागे-पुढे होतंय? कारण आणि कायमचा उपाय

लॅपटॉपवर विंडोज आहे. त्याच्या शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी संगणक प्रणाली टाकली, किंवा नुसतंच पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. मिंट आवडलंही. परत विंडोजमध्ये आलात आणि सकाळचे १० वाजलेले असताना कोपऱ्यातलं घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवतंय. वेळ हाताने दुरुस्त केली. संध्याकाळी पुन्हा मिंट लावलं, तर तिथे घड्याळ साडेपाच तास पुढे पळालेलं. तेही दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी विंडोज पुन्हा मागे.

हा खेळ कितीही दिवस चालू शकतो. हाताने वेळ बदलून तो थांबत नाही, कारण चूक वेळेत नसतेच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही म्हणून विंडोज ११ न घेणारे, पण एरवी ठणठणीत असलेले लॅपटॉप घराघरांत आहेत. अशा यंत्रांवर मिंट छान चालतं आणि बरेच जण पहिल्यांदाच ते करून बघताहेत. त्यातल्या कित्येकांना पहिल्याच आठवड्यात हे घड्याळ भेटतं, आणि 'लिनक्सने लॅपटॉप बिघडवला' असं समजून ते मिंट काढून टाकतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. यंत्र बिघडलेलं नसतं, मिंट सदोष नसतं, विंडोजही नाही. दोघांची एका गोष्टीवर सहमती नसते, आणि ती करून देणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

पुढचं सगळं मिंट २२ धरून लिहिलं आहे. ते उबुंटू २४.०४ वर उभं असल्यामुळे उबुंटू आणि झोरिन या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारांच्या वापरणाऱ्यांनाही हेच लागू पडेल.

मुळात होतं काय

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. यंत्र बंद असतानाही ते एका सेलवर चालू राहतं. त्याला आरटीसी (रिअल टाइम क्लॉक) म्हणतात. पुढे 'चिप' म्हटलंय तेही हेच. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये असं सेलवर चालणारं घड्याळ बोर्डावरच आलं आणि त्याची घडण आजच्या लॅपटॉपपर्यंत बरीचशी तशीच राहिली. त्यात सेकंद, मिनिटं, तास, दिवस, महिना, वर्ष एवढंच साठवलेलं असतं. ही वेळ कुठल्या देशाची, हे लिहून ठेवायला त्या मूळ रचनेत जागाच नव्हती.

सगळी गडबड इथून सुरू होते. आरटीसीमध्ये १० वाजलेले दिसले की विंडोज समजतं, 'इथे, या गावात १० वाजलेत.' त्याच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळापासून त्याची हीच रीत आहे. लिनक्सने रीत घेतली युनिक्स या जुन्या प्रणालीची. तिथे यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालवायचं आणि माणसाला दाखवताना स्थानिक फरक मिळवायचा. म्हणून तेच १० पाहून मिंट म्हणतं, 'यूटीसीनुसार १० वाजलेत, म्हणजे भारतात दुपारचे साडेतीन.'

आता इंटरनेट जोडलं जातं. मिंट खरी वेळ नेटवरून आणतं, स्वतःला दुरुस्त करतं आणि लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ती दुरुस्त वेळ आरटीसीमध्येही उतरवतं. नेटशी मेळ टिकून असेल तोवर साधारण दर ११ मिनिटांनी हे होत राहतं. पण उतरवताना ते यूटीसी उतरवतं, म्हणजे सकाळच्या १० ला ४:३०. पुढे विंडोज चालू होतं, ४:३० वाचतं आणि त्यावर विश्वास ठेवून पहाटेचे साडेचार दाखवतं. तुम्ही ते दुरुस्त केलं की विंडोज आरटीसीमध्ये १० लिहितं, आणि पुढच्या वेळी मिंट फसतं.

साडेपाचच तास का, तर आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे. दर १५ अंशांना एक तास, म्हणून ८२.५ ला साडेपाच. निदान करताना हा अर्धा तास फार उपयोगी पडतो. लंडनमधल्या माणसाला हिवाळ्यात हा बिघाड दिसतच नाही, कारण तिथली वेळ आणि यूटीसी तेव्हा एकच असते. आपल्याकडे फरक बरोबर ५ तास ३० मिनिटं आला की कारण जवळजवळ ठरलंच. (जाता जाता: मुंबईत १९५५ पर्यंत ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेली वेगळी 'मुंबई वेळ' पाळली जायची. ती टिकली असती तर हा बिघाड ओळखताना सगळ्यांना डोकं खाजवावं लागलं असतं.)

आधी खात्री करा

घड्याळ चुकण्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि उपाय वेगवेगळे. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी फरक किती आणि कुठल्या दिशेने आहे ते पाहा.

विंडोज साडेपाच तास मागे आणि मिंट साडेपाच तास पुढे, असं आलटून पालटून होत असेल तर हाच तो वर सांगितलेला प्रकार.

मिंट मागे पडत असेल तर थांबा, तो वेगळा मामला आहे. नेट जोडल्यावरही मिंट साडेपाच तास मागेच असेल तर टाइम झोन चुकलेला आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'डेट अँड टाइम' उघडा आणि प्रदेश आशिया, शहर कोलकाता निवडा. यादीत मुंबई किंवा पुणे शोधत बसू नका, साऱ्या भारतासाठी तिथे कोलकाताच आहे. विंडोजच्या बाजूला हाच झोन 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' अशा नावाने दिसतो. याउलट मिंट चालू होताना मागे असतं आणि नेट आल्यावर आपोआप सुधारतं, असं होत असेल तर बहुधा कोणीतरी पुढे दिलेले दोन्ही उपाय एकदम केलेत. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

फरक साडेपाचचा नसून घड्याळ थेट काही वर्षं मागे गेलं असेल, तारीखच १ जानेवारीची वगैरे दिसत असेल, तर सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये तो सहसा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटणसेल असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. ते चालू असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि मेलेला सेलही लपून जातो, बटण बंद केलं की सकाळी उघडा पडतो. लॅपटॉपमध्ये हा सेल कधी प्लॅस्टिकच्या वेष्टनात, तारेला जोडलेला असतो. तो बदलायला दुकानातच न्या. घड्याळ वर्षानुवर्षांच्या फरकाने चुकलं की ब्राउझर जवळजवळ प्रत्येक साइटला प्रमाणपत्राची तक्रार करतो आणि मिंटचे अपडेट्सही अडतात. साडेपाच तासांच्या फरकात सहसा एवढं होत नाही, आणि म्हणूनच लोक ते अंगावर काढतात. पण संगणकावर चालणाऱ्या ऑथेंटिकेटरचे सहा आकडी कोड तेवढ्यानेही नाकारले जातात, कॅलेंडरचे गजर चुकतात, आणि दोन्हीकडून जोडलेल्या क्लाउड फोल्डरमध्ये कुठली प्रत नवी हे ठरवताना घोळ होऊ शकतो.

पक्कं निदान करायचं तर मिंटमध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना छोटी रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. पहिली आज्ञा एकाच शब्दाची आहे: 'टाइम', 'डेट' आणि 'सीटीएल' हे तीन तुकडे, मध्ये जागा न सोडता.

टाइमडेटसीटीएल

यात काही बदलत नाही, ती फक्त माहिती दाखवते. म्हणून निर्धास्तपणे चालवा. पहिल्या तीन ओळी महत्त्वाच्या: लोकल टाइम, युनिव्हर्सल टाइम, आरटीसी टाइम. तिसरी ओळ कोणाशी जुळते ते पाहा. आरटीसी टाइम युनिव्हर्सल टाइमशी जुळत असेल तर चिपमध्ये यूटीसी आहे. लोकल टाइमशी जुळत असेल तर चिपमध्ये भारतीय वेळ आहे. सगळ्यात खाली 'आरटीसी इन लोकल टीझेड' अशी ओळ असते. तिथे 'नो' असेल तर मिंट चिपकडे यूटीसी म्हणून पाहतंय, 'येस' असेल तर स्थानिक वेळ म्हणून.

टर्मिनलची धास्ती वाटत असेल तर यंत्र चालू होताना एफ २ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. कुठली कळ ते कंपनीप्रमाणे बदलतं. तिथे दिसणारी वेळ म्हणजे चिपमधली कच्ची वेळ. ती भिंतीवरच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असेल तर चिपमध्ये यूटीसी आहे. ती तिथे बदलू नका, फक्त बघून बाहेर या.

उपाय पहिला: मिंटला विंडोजची रीत शिकवायची

भारतात राहून मिंट नुकतंच आजमावत असाल, आणि विंडोज घरातले इतर जणही वापरत असतील, तर माझ्या मते हाच उपाय घ्या. विंडोजला हात लागत नाही आणि एका ओळीत मागे फिरता येतं.

आधी मिंटमध्ये नेट जोडा आणि घड्याळ खरी वेळ दाखवतंय याची खात्री करा. हा क्रम चुकवू नका. मग:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

सुडोनंतर एक जागा, टाइमडेटसीटीएलनंतर एक जागा, सेट-लोकल-आरटीसी हे दोन आडव्या रेघांनी जोडलेलं, मग जागा आणि १. पासवर्ड मागेल. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. पूर्ण लिहून एंटर दाबा.

याच आज्ञेपुढे 'अ‍ॅडजस्ट-सिस्टिम-क्लॉक' अशी एक जास्तीची जोड लावायला अनेक ठिकाणी सांगतात. ती न कळता लावू नका. जोड नसेल तर मिंट आपली वेळ चिपमध्ये लिहितं. जोड लावली तर उलट होतं, चिपमधली वेळ मिंट उचलतं. मिंटची वेळ नेटवरून आलेली आणि बरोबर असताना चिपमधली चुकीची वेळ उचलण्यात काहीच अर्थ नाही.

आता पुन्हा पहिली आज्ञा चालवून पाहा. शेवटच्या ओळीत 'येस' आलं असेल आणि त्याखाली एक लांबलचक इशाराही. तो वाचून नवे लोक घाबरतात, म्हणून त्यात काय आहे ते सांगतो. या पद्धतीला पूर्ण आधार देता येत नाही, टाइम झोन बदलताना आणि उन्हाळी वेळ लागू होताना अडचणी येतील, आणि चिपमधलं घड्याळ यापुढे लिनक्स अद्ययावत ठेवणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. इशारा खरा आहे. पण भारतात उन्हाळी वेळ नाही, देशभर एकच झोन आहे, आणि चिपचं घड्याळ सांभाळायला विंडोज आहेच. इथे बसून त्या इशाऱ्याची चिंता करायचं कारण नाही.

यंत्र बंद करून विंडोज लावा. तिथे वेळ बरोबर यायला हवी. थोडी इकडेतिकडे असेल तर सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'डेट अँड टाइम', आणि तिथलं 'सिंक नाऊ' एकदा दाबा.

उपाय दुसरा: विंडोजला यूटीसी शिकवायचं

तुम्ही जर्मनीत, ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत असाल तर पहिला उपाय नको. वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात तेव्हा चिपमधली स्थानिक वेळ हलवायचं काम विंडोज करतं, मिंट नाही. मार्चमधल्या त्या रविवारी आधी मिंट लावलंत तर ते तासभर चुकलेलं मिळेल. चिपमध्ये यूटीसी असली की हा प्रश्नच उरत नाही, कारण यूटीसी कधीच पुढे-मागे सरकत नाही. कामानिमित्त सतत देश बदलणाऱ्यांनाही हेच सांगेन. भारतात असून दोन्ही प्रणाली कायमच्या ठेवायचं ठरलं असेल, तरीही तत्त्वतः हाच मार्ग जास्त स्वच्छ आहे.

यासाठी विंडोजची रेजिस्ट्री, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंग्जची वही, बदलावी लागते. यंत्र ऑफिसचं असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हे करू नका. स्टार्टमध्ये 'रेजएडिट' शोधून ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डावीकडच्या झाडात एचकेवाय लोकल मशीन, मग सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि शेवटी टाइम झोन इन्फर्मेशन असे उतरत जा. काही बदलण्याआधी फाइल मेनूतल्या 'एक्सपोर्ट'ने या भागाची प्रत काढून ठेवा. मग उजवीकडच्या मोकळ्या जागेत राइट क्लिक करून नवी ३२ बिट डीवर्ड नोंद करा. तिचं नाव 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल', चारही शब्द रोमनमध्ये, जागा न सोडता जोडून. नावात एका अक्षराची चूक झाली तरी विंडोज काही बोलत नाही, ती नोंद वाचतच नाही. नोंदीवर डबल क्लिक करून किंमत १ द्या.

यानंतर 'शटडाउन' नको, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, स्वतःचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा जागा करतं. रीस्टार्टमध्ये ते खरोखर नव्याने सुरू होतं. (मिंटमधून विंडोजच्या डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, फाइल फक्त वाचता येते, ही दुसरी नेहमीची तक्रार बहुतेक वेळा याच फास्ट स्टार्टअपमुळे असते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ते बंद केलं की ती मिटते.)

रीस्टार्टनंतर एकदा 'सिंक नाऊ' दाबा, म्हणजे विंडोज बरोबर यूटीसी चिपमध्ये लिहील. मिंटमध्ये काही करायचं नाही, ते आधीपासूनच यूटीसी धरून आहे.

दोन्ही एकदम नको

एका ठिकाणी पहिला उपाय वाचला, दुसऱ्या ठिकाणी दुसरा, आणि खात्रीसाठी दोन्ही करून टाकले, असं वारंवार घडतं. मग दोघांनी एकमेकांची रीत घेतलेली असते आणि भांडण जिथल्या तिथे राहतं. आता विंडोज चिपमध्ये यूटीसी ठेवतं आणि मिंट तिला भारतीय वेळ समजतं, म्हणून चालू होताना मिंट साडेपाच तास मागे असतं आणि नेट मिळाल्यावर सुधारतं. विंडोजमध्ये मात्र सगळं ठीक दिसतं. हे लक्षण दिसलं की मिंटमधली आज्ञा शेवटी ० देऊन पुन्हा चालवा:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०

रेजिस्ट्रीतली नोंद आहे तशी राहू द्या. दोघेही यूटीसीवर येतात.

नुसतं पेनड्राइव्हवरून पाहताय?

मिंट इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवलं तरी विंडोजचं घड्याळ बदलू शकतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. 'मी तर डिस्कला हातही लावला नाही,' असं ते म्हणतात, आणि ते बरोबरच असतं. पण आरटीसी डिस्कवर नाही, बोर्डावर आहे, आणि लाइव्ह चालणारं मिंटही नेटशी वेळ जुळली की ती आरटीसीमध्ये लिहितं.

लाइव्हमध्ये झोन सहसा यूटीसी असतो. म्हणून सुरुवातीला घड्याळ योगायोगाने बरोबर दिसतं आणि वायफाय जोडल्यावर साडेपाच तास मागे उडी मारतं. ते पाहून गोंधळू नका. घड्याळ बिघडू द्यायचं नसेल तर वायफाय जोडण्याआधी 'डेट अँड टाइम'मध्ये जाऊन 'नेटवर्क टाइम' बंद करा, आणि लॅनची वायर लावलेली असेल तर ती आधी काढा. पेनड्राइव्हवरच्या लाइव्हमध्ये केलेले बदल साधारणपणे टिकत नाहीत, त्यामुळे हे दर वेळी करावं लागेल. तेवढा खटाटोप नको असेल तर लाइव्ह पाहून झाल्यावर विंडोजमध्ये येऊन 'सिंक नाऊ' दाबा. अधूनमधून पाहणाऱ्याला तेवढं पुरतं.

पुढे एखादी प्रणाली काढून टाकलीत तर

मिंट इतकं रुळलं की विंडोज काढून टाकलं, असं झालं आणि पहिला उपाय केलेला असेल, तर ० ची आज्ञा आठवणीने चालवा. विंडोज गेल्यावर चिपचं घड्याळ सांभाळणारं कोणी उरत नाही. ते हळूहळू सरकत जातं आणि नेट नसलेल्या ठिकाणी मिंट चुकीची वेळ दाखवतं. उलट मिंट काढून विंडोजच ठेवलं असेल आणि दुसरा उपाय केलेला असेल, तर रेजिस्ट्रीतली ती एक नोंद पुसा, रीस्टार्ट करा आणि 'सिंक नाऊ' दाबा.